घन घटकांपासून पृष्ठजाळी

घन घटकांपासून पृष्ठजाळी तयार करणे ही फायनाइट एलिमेंट पद्धतीतील (सांत घटक पद्धतीतील) एक मूलभूत प्रक्रिया आहे. एखाद्या वस्तूचे संगणकीय प्रतिमान चतुष्फलक, षट्फलक यांसारख्या घन घटकांच्या जाळीने बनलेले असते. त्या जाळीतून वस्तूच्या सीमेवरील त्रिकोणी व चौकोनी फलक तेवढे वेगळे काढणे, त्यांची दिशा निश्चित करणे आणि त्यांची स्वतंत्र जाळी बांधणे, असे या प्रक्रियेचे स्वरूप असते. अशा जाळीला पृष्ठजाळी किंवा 'त्वचा' असे म्हणतात.

दाब, उष्णतेची देवाणघेवाण, दोन भागांमधील स्पर्श आणि प्रारण या सर्व क्रिया वस्तूच्या पृष्ठभागावर घडतात. त्यामुळे घन जाळी कितीही चांगली असली, तरी पृष्ठजाळी चुकल्यास भार चुकीच्या ठिकाणी किंवा उलट दिशेने लागतो आणि गणिताचे उत्तर चुकते. पृष्ठजाळी ही मूळ जाळीतील दोष उघडकीस आणणारी चाचणी म्हणूनही वापरली जाते.

पार्श्वभूमी

फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे लहान लहान घटकांमध्ये विभाजन केले जाते. हे घटक 'नोड' नावाच्या बिंदूंवर एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक घटकाची समीकरणे मांडून ती एकत्र केल्यावर संपूर्ण वस्तूचे विस्थापन, तापमान किंवा प्रतिबल काढता येते.

रिचर्ड कुरांट यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात पिळाच्या प्रश्नासाठी त्रिकोणी विभागणीचा वापर केला होता. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा १९५६ सालचा लेख अभियांत्रिकीतील या पद्धतीच्या पायाभूत लेखांपैकी एक मानला जातो. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी १९६० साली वापरले. सुरुवातीचे घटक बहुधा सपाट, द्विमितीय होते. अशा घटकांत पृष्ठभाग शोधण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण घटक स्वतःच पृष्ठभाग असतो. १९६० च्या दशकात घन घटक प्रचारात आले आणि पुढे प्रतिमानांतील घटकांची संख्या हजारो-लाखोंवर गेली. तेव्हा सीमेवरील फलक हाताने निवडणे अशक्य होऊन ते काम संगणकावर सोपवणे आवश्यक ठरले.

घन घटकांच्या जाळीत केवळ दोन गोष्टींची नोंद असते : प्रत्येक नोडचे स्थान आणि प्रत्येक घटक कोणत्या नोडांनी बनला आहे याची यादी. वस्तूची बाहेरची बाजू कोणती, हे या नोंदींत कोठेही लिहिलेले नसते. ते नोडांच्या क्रमांकांवरून शोधून काढावे लागते.

मूलभूत तत्त्व

सुसंगत जाळीत दोन शेजारी घटकांच्या मध्ये असलेला फलक त्या दोन्ही घटकांचा असतो. सीमेवरील फलकाच्या मात्र एकाच बाजूस घटक असतो. यावरून पुढील नियम मिळतो :

* जो फलक दोन घटकांमध्ये सामाईक असतो, तो अंतर्गत फलक होय.
* जो फलक फक्त एकाच घटकाचा असतो, तो मुक्त फलक होय.
* सर्व मुक्त फलकांचा संच म्हणजे पृष्ठजाळी होय.
* एखादा फलक दोनपेक्षा अधिक घटकांचा आढळल्यास जाळीत दोष असतो.

हा नियम संस्थितीवर, म्हणजे जोडणीवर आधारलेला आहे, मापांवर नाही. फलक शोधताना नोडांच्या सहनिर्देशकांची गरज पडत नाही. बीजीय संस्थितिशास्त्रात हीच कल्पना सीमाकारकाच्या रूपाने मांडतात. सर्व घटकांच्या सीमांची दिशेसह बेरीज केली, की अंतर्गत फलक परस्परविरुद्ध दिशांनी दोनदा येऊन रद्द होतात आणि वस्तूची सीमा शिल्लक राहते. सीमेची सीमा शून्य असल्यामुळे अशी पृष्ठजाळी बंदिस्त असते. तिला मोकळी कडा नसते.

प्रचलित घन घटकांचे फलक पुढीलप्रमाणे असतात.

| घटक | कोपऱ्यांवरील नोड | त्रिकोणी फलक | चौकोनी फलक | मध्यनोडांसह एकूण नोड |
|---|---|---|---|---|
| चतुष्फलक | ४ | ४ | ० | १० |
| पिरॅमिड | ५ | ४ | १ | १३ |
| त्रिकोणी लोलक | ६ | २ | ३ | १५ |
| षट्फलक | ८ | ० | ६ | २० |

शेवटच्या स्तंभातील संख्या प्रत्येक कडेवर एक मध्यनोड असलेल्या द्विघाती घटकांसाठी आहेत.

कार्यपद्धती

पृष्ठजाळी काढण्याची नेहमीची पद्धत पाच टप्प्यांची असते.

१. प्रत्येक घटकाच्या प्रकारानुसार त्याच्या सर्व फलकांची यादी केली जाते. फलकाचे नोड ठरावीक क्रमाने लिहिले जातात आणि तो कोणत्या घटकाचा कितवा फलक आहे, याचीही नोंद ठेवली जाते.

२. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यांवरील नोडांचे क्रमांक चढत्या क्रमाने लावून एक 'ओळखखूण' तयार केली जाते. एकच फलक दोन घटकांकडून वेगवेगळ्या क्रमाने लिहिला जातो; चढता क्रम लावल्यावर दोन्ही नोंदी सारख्या दिसतात.

३. ओळखखुणा हॅश तक्त्यात साठवून किंवा संपूर्ण यादी क्रमवार लावून प्रत्येक खूण किती वेळा आली हे मोजले जाते.

४. एकदाच आलेल्या खुणांचे फलक निवडले जातात. निवड ओळखखुणेवरून होत असली, तरी पृष्ठजाळीत फलकाच्या नोडांचा मूळ क्रमच उतरवला जातो, कारण फलकाची दिशा त्या क्रमात सामावलेली असते.

५. निवडलेल्या फलकांत न येणारे नोड वगळले जातात. पृष्ठजाळी स्वतंत्र वापरायची असेल, तर नोडांना नवे क्रमांक देऊन जुन्या व नव्या क्रमांकांचा तक्ता जपून ठेवला जातो.

घटकांची संख्या 'न' असल्यास हॅश तक्त्याच्या पद्धतीस लागणारा वेळ सरासरीने 'न' च्या प्रमाणात वाढतो. क्रमवारीच्या पद्धतीस त्याहून किंचित अधिक वेळ लागतो. प्रत्येक फलकाची अन्य प्रत्येक फलकाशी तुलना केल्यास मात्र वेळ 'न' च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि मोठ्या प्रतिमानांत ती पद्धत निरुपयोगी ठरते.

उदाहरणे

दोन चतुष्फलक

पाच नोडांची व दोन चतुष्फलकांची जाळी घेऊ. पहिला घटक (१, २, ३, ४) आणि दुसरा घटक (२, ३, ४, ५) असा आहे. बाहेरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने नोड लिहिल्यास त्यांचे फलक असे मिळतात :

* पहिला घटक : १-३-२, १-२-४, २-३-४, ३-१-४
* दुसरा घटक : २-४-३, २-३-५, ३-४-५, ४-२-५

एकूण आठ नोंदींपैकी २-३-४ आणि २-४-३ या दोन नोंदींची ओळखखूण एकच, म्हणजे (२, ३, ४) आहे. हा अंतर्गत फलक वगळल्यावर सहा मुक्त फलक उरतात. अंतर्गत फलक दोन घटकांकडून परस्परविरुद्ध क्रमाने लिहिला गेला आहे, यावरून दोन्ही घटकांची दिशा सुसंगत असल्याचे कळते.

या पृष्ठजाळीत ५ शिरोबिंदू, ९ कडा व ६ फलक आहेत. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून फलकांची संख्या मिळवल्यास ५ − ९ + ६ = २ मिळतात. पोकळी किंवा आरपार भोक नसलेल्या वस्तूच्या बंदिस्त पृष्ठभागासाठी ऑयलर यांच्या सूत्रानुसार हेच उत्तर अपेक्षित असते.

घनाची जाळी

एका घनाच्या प्रत्येक कडेचे १० भाग करून १,००० षट्फलक घटक केल्यास सर्व घटकांचे मिळून ६,००० फलक नोंदले जातात. त्यांपैकी ६०० मुक्त असतात. उरलेल्या ५,४०० नोंदी दोन-दोनच्या जोड्यांनी २,७०० अंतर्गत फलक दर्शवतात. एकूण १,३३१ नोडांपैकी ६०२ नोड पृष्ठभागावर असतात.

प्रत्येक कडेचे १०० भाग केल्यास घटकांची संख्या १० लाख आणि फलकांच्या नोंदी ६० लाख होतात. पण मुक्त फलक केवळ ६०,००० असतात, म्हणजे नोंदींच्या १ टक्का. जाळी बारीक होत जाते तशी घटकांची संख्या घनफळाच्या आणि मुक्त फलकांची संख्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. पडद्यावर चित्र दाखवताना संपूर्ण जाळीऐवजी पृष्ठजाळीच रेखाटली जाते, त्याचे कारण हेच आहे.

फलकांची दिशा

प्रत्येक मुक्त फलकाला काटकोनात असलेला सदिश, म्हणजे लंबसदिश, वस्तूच्या बाहेर जाणारा असावा असा संकेत आहे. फलकाच्या नोडांच्या क्रमाने उजव्या हाताची बोटे वळवली असता अंगठा लंबसदिशाची दिशा दाखवतो. गणितात फलकाच्या दोन लगतच्या कडांच्या सदिश गुणाकाराने ही दिशा मिळते.

षट्फलकाचे खालचे नोड १-२-३-४ व त्यांच्या वरचे नोड ५-६-७-८ अशा प्रचलित क्रमांकनात बाहेरच्या दिशेचे फलक १-४-३-२, ५-६-७-८, १-२-६-५, २-३-७-६, ३-४-८-७ आणि ४-१-५-८ असे येतात. मूळ घटक आतून-बाहेर उलटलेला नसेल, तर या तक्त्यावरून प्रत्येक फलकाची दिशा आपोआप बरोबर मिळते.

संपूर्ण पृष्ठजाळीची दिशा तपासण्यासाठी अपसरण प्रमेयाचा उपयोग होतो. त्रिकोणी फलकाच्या तीन शिरोबिंदूंचे स्थानसदिश क, ख, ग असल्यास क आणि (ख × ग) यांचा अदिश गुणाकार करून सर्व फलकांवर त्याची बेरीज घेतात आणि तिला ६ ने भागतात. सर्व लंबसदिश बाहेरच्या दिशेने असतील, तर वस्तूचे घनफळ धन चिन्हासह मिळते. सर्व उलटे असतील, तर ऋण मिळते. वरील दोन चतुष्फलकांच्या उदाहरणात नोड १ आरंभबिंदूवर, नोड २, ३ व ४ तीन अक्षांवर एकक अंतरावर आणि नोड ५ हा (१, १, १) येथे घेतल्यास घटकांची घनफळे १/६ व १/३ येतात. नोड १ असलेल्या तिन्ही फलकांचा वाटा शून्य आणि उरलेल्या तिन्हींचा प्रत्येकी १ येतो. त्यांची बेरीज ३, आणि तिला ६ ने भागून १/२ मिळते. घटकांच्या घनफळांची बेरीजही १/२ च आहे.

घन घटकांचे एकूण घनफळ आणि पृष्ठजाळीवरून काढलेले घनफळ यांची अशी तुलना सोपी आणि विश्वसनीय समजली जाते. चौकोनी फलकाचे चार नोड एका प्रतलात नसतील, तर मात्र त्याचे दोन त्रिकोण कोणत्या कर्णावर केले यानुसार घनफळात थोडा फरक पडतो.

पृष्ठजाळीची विभागणी

मुक्त फलकांचा संच मिळाला तरी भार लावण्यासाठी त्याचे अर्थपूर्ण भाग करावे लागतात. दाब सहन करणाऱ्या जाड नळीत आतली बाजू, बाहेरची बाजू आणि दोन टोके असे चार भाग असतात. दाब फक्त आतल्या बाजूवर असतो. परंतु मुक्त फलकांच्या नियमाला हे चारही भाग सारखेच असतात.

विभागणीसाठी शेजारच्या फलकांमधील कोनाचा आधार घेतात. एका फलकापासून आरंभ करून सामाईक कडेने शेजारच्या फलकावर जायचे आणि दोन्ही लंबसदिशांमधील कोन ठरावीक मर्यादेपेक्षा, उदाहरणार्थ ३० अंशांपेक्षा, कमी असेल तोवर पुढे जात राहायचे, अशी ही पद्धत आहे. नळीच्या टोकाशी कोन ९० अंश होतो व विस्तार तेथे थांबतो. जाळी फार विरळ असल्यास गोलाकार बाजूवरील शेजारी फलकांतही मोठा कोन पडतो आणि एकच बाजू अनेक तुकड्यांत विभागली जाते. वर्तुळाचे १२ भाग केल्यास लगतच्या फलकांमधील कोन नेमका ३० अंश असतो.

कोनाची अट काढून टाकल्यास पृष्ठजाळीचे परस्परांपासून अलग असलेले भाग मिळतात. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीचा पृष्ठभाग सलग, एकच असतो. पूर्ण बंद पोकळ गोळ्याला मात्र दोन अलग पृष्ठभाग असतात : एक बाहेरचा व एक पोकळीचा. पोकळीच्या बाजूचे लंबसदिश द्रव्यापासून दूर, म्हणजे पोकळीच्या आत जाणारे असतात.

उपयोग

दाबाचा भार

दाब फलकाला काटकोनात लागतो आणि गणितात त्याचे नोडांवरील बलांत रूपांतर करावे लागते. चार नोडांच्या समांतरभुज चौकोनी फलकावर एकसमान दाब असल्यास एकूण बल चारही नोडांवर समान वाटले जाते. द्विघाती घटकांत वाटणी वेगळी असते. सहा नोडांच्या सरळ कडांच्या त्रिकोणी फलकावर कोपऱ्यांवरील नोडांना काहीच बल मिळत नाही आणि तिन्ही मध्यनोडांना प्रत्येकी १/३ बल मिळते. आठ नोडांच्या आयताकृती फलकावर मध्यनोडांना प्रत्येकी १/३ आणि कोपऱ्यांना प्रत्येकी −१/१२, म्हणजे उलट दिशेचे बल मिळते. एकूण बेरीज १ च राहते.

या वाटणीमुळे द्विघाती घन घटकांची पृष्ठजाळी काढताना मध्यनोड टिकवणे आवश्यक असते. केवळ कोपरे ठेवून केलेल्या जाळीवर दाब वाटल्यास एकूण बल बरोबर येते, पण पृष्ठभागालगतचे प्रतिबल बिघडते. ओळखखुणेसाठी कोपरे पुरेसे असतात. जाळीत मात्र फलकाचे सर्व नोड घ्यावे लागतात.

स्पर्श

दोन भाग एकमेकांवर दाबले जात असताना एका भागाचे नोड दुसऱ्याच्या पृष्ठभागात शिरले आहेत का, हे प्रत्येक टप्प्यावर तपासले जाते. 'आत' आणि 'बाहेर' यांचा निर्णय लंबसदिशांवरून होतो. एखाद्या फलकाची दिशा उलटी असल्यास स्पर्श होऊनही तो ओळखला जात नाही किंवा स्पर्श नसताना बल निर्माण होते.

उष्णता

पृष्ठभागावरून वाहत्या हवेकडे किंवा पाण्याकडे जाणारी उष्णता पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्यामुळे क्षेत्रफळातील चूक थेट उष्णतेच्या हिशेबात उतरते. प्रारणाच्या गणितात कोणता फलक कोणत्या फलकाला 'दिसतो' हे काढावे लागते. बंदिस्त पोकळीत एका फलकाकडून इतर सर्व फलकांकडे जाणाऱ्या प्रारणाच्या अंशांची बेरीज १ असते. पृष्ठजाळीत भोक राहिल्यास ही बेरीज १ पेक्षा कमी भरते.

पृष्ठभागावरील प्रतिबल

धातूच्या भागांत वारंवार बदलणाऱ्या भारामुळे पडणाऱ्या तड्यांचा आरंभ बहुतेकदा पृष्ठभागावर होतो. त्यामुळे तेथील प्रतिबल अचूक मिळणे महत्त्वाचे असते. घन घटकांत प्रतिबल घटकाच्या आतील ठरावीक बिंदूंवर, म्हणजे गाऊस बिंदूंवर, काढले जाते आणि तेथून बाहेरच्या नोडांपर्यंत अंदाजाने वाढवले जाते. हा अंदाज टाळण्यासाठी पृष्ठजाळीच्या फलकांवर अत्यंत पातळ पटल घटकांचा थर देण्याची पद्धत आहे. हा थर घन घटकांचेच नोड वापरतो, त्यामुळे पृष्ठभागाबरोबरच ताणला जातो आणि तेथील विकृती थेट दाखवतो. भाररहित पृष्ठभागावर काटकोनातील प्रतिबल शून्य असते. पटल घटकातही तीच स्थिती गृहीत धरलेली असते. थराची जाडी इतकी कमी ठेवतात, की वस्तूच्या ताठरतेत जाणवण्याजोगा फरक पडू नये. विकृतीमापक चिकटवून केलेल्या प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना करण्यासही हे घटक सोयीचे पडतात.

चित्रण व देवाणघेवाण

त्रिमितीय मुद्रणासाठी आणि अन्य प्रणालींकडे आकार पाठवण्यासाठी पृष्ठजाळी बहुधा एसटीएल स्वरूपात साठवली जाते. थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने १९८७ साली आणलेल्या या स्वरूपात प्रत्येक त्रिकोणाचा लंबसदिश व तीन शिरोबिंदूंचे सहनिर्देशक असतात. नोडांचे क्रमांक, मध्यनोड, घटकांशी असलेला संबंध आणि मोजमापाचे एकक यांची नोंद त्यात नसते. त्यामुळे एसटीएल फाइलवरून मूळ घन जाळीच्या नोडांकडे परत जायचे, तर सहनिर्देशकांची जुळणी करावी लागते.

सामान्य दोष व त्यांची ओळख

न जोडलेले नोड. दोन भागांच्या जाळ्या वेगवेगळ्या तयार करून शेजारी ठेवल्यास त्यांच्या सीमेवर एकाच ठिकाणी दोन-दोन नोड येतात. क्रमांक वेगळे असल्याने ओळखखुणा जुळत नाहीत आणि आतले फलक मुक्त ठरतात. एकमेकांना चिकटून असलेल्या दोन घनाकृती घटकांचे मुक्त फलक १० असायला हवेत. नोड जोडलेले नसल्यास ते १२ येतात. पडद्यावर वस्तू अखंड दिसते, परंतु गणिताच्या दृष्टीने तेथे चीर असते. एक भाग पूर्णपणे सुटा असल्यास समीकरणे सुटत नाहीत व दोष लक्षात येतो. तो अन्य ठिकाणी जोडलेला असल्यास मात्र कोणतीही सूचना न मिळता चुकीचे उत्तर येते. म्हणून वस्तूच्या अंतर्भागात मुक्त फलक दिसतात का, हे पाहण्याचा प्रघात आहे. जवळचे नोड एकत्र करताना अंतराची मर्यादा फार मोठी ठेवल्यास लहान घटक चेपले जातात, तर फार लहान ठेवल्यास चीर तशीच राहते.

दुहेरी घटक. एकच घटक चुकून दोनदा नोंदला गेल्यास त्याचा बाहेरचा फलक दोनदा मोजला जातो व अंतर्गत समजला जातो. परिणामी पृष्ठजाळीत भोक पडते. त्याच घटकाचे आतले फलक तीन वेळा मोजले जातात, त्यावरून दोष ओळखता येतो.

विसंगत सीमा. षट्फलकाच्या चौकोनी फलकाला लागून दोन चतुष्फलकांचे त्रिकोणी फलक आल्यास त्यांच्या ओळखखुणा जुळत नाहीत. अशा ठिकाणी मध्ये पिरॅमिड घटक घालतात, कारण त्याची एक बाजू चौकोनी व इतर बाजू त्रिकोणी असतात. दोन भाग बंधन-समीकरणांनी मुद्दाम जोडलेले असल्यास तेथे मुक्त फलक दिसणे हा दोष नसतो. दाब लावताना ते फलक वगळावे लागतात.

उलटलेले घटक. नोडांचा क्रम चुकल्यास घटकाचे घनफळ ऋण येते आणि त्याच्या सर्व फलकांची दिशा उलटते. सुसंगत पृष्ठजाळीत प्रत्येक कडा दोन शेजारी फलकांत परस्परविरुद्ध दिशांनी येते. ती एकाच दिशेने दोनदा आली, तर त्या दोहोंपैकी एका फलकाची दिशा चुकलेली असते.

केवळ कडेने जोडलेले घटक. दोन षट्फलक फक्त एका कडेवर एकमेकांना टेकलेले असल्यास त्या कडेवर पृष्ठजाळीचे चार फलक येतात. अशा ठिकाणी दोन घटक बिजागरीप्रमाणे जोडलेले असतात आणि तेथील प्रतिबल विश्वासार्ह नसते.

आणखी एक सोपी चाचणी बलांच्या बेरजेची आहे. बंदिस्त पृष्ठभागावर सर्वत्र सारखा दाब लावल्यास एकूण बल शून्य आले पाहिजे. ते शून्य न आल्यास पृष्ठजाळीत भोक आहे किंवा काही फलकांची दिशा उलटी आहे असे समजावे.

व्हॉक्सेल जाळीचा पृष्ठभाग

सीटी स्कॅनसारख्या चित्रांवरून हाडांची प्रतिमाने करताना प्रत्येक त्रिमितीय चित्रबिंदूचा, म्हणजे व्हॉक्सेलचा, एक षट्फलक घटक केला जातो. अशा जाळीचे मुक्त फलक अक्षांना समांतर असतात आणि वक्र पृष्ठभाग पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो.

व्हॉक्सेल लहान केले की पायऱ्या डोळ्यांना दिसेनाशा होतात, पण क्षेत्रफळातील चूक कमी होत नाही. त्रिज्या 'त्र' असलेल्या गोलाचे खरे क्षेत्रफळ ४π(त्र)² असते. व्हॉक्सेल जाळीत सहा दिशांना तोंड करणाऱ्या फलकांची क्षेत्रफळे प्रत्येकी गोलाच्या सावलीएवढी, म्हणजे π(त्र)² च्या जवळ जातात. म्हणून एकूण क्षेत्रफळ ६π(त्र)² कडे झुकते, म्हणजे खऱ्या क्षेत्रफळाच्या दीडपट. घनफळ मात्र व्हॉक्सेल लहान होतील तसे खऱ्या मूल्याच्या जवळ जाते. त्यामुळे केवळ घनफळ तपासून अशा पृष्ठजाळीवर विसंबता येत नाही.

यावर उपाय म्हणून फलक काढल्यानंतर नोड शेजाऱ्यांच्या सरासरी स्थानाकडे सरकवून पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो. ही क्रिया वारंवार केल्यास वस्तू आकसते. गॅब्रिएल टॉबिन यांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीत आत सरकवण्याच्या पायरीनंतर बाहेर सरकवण्याची पायरी घेऊन हे आकसणे रोखले जाते. विल्यम लॉरेन्सन व हार्वी क्लाइन यांची १९८७ सालची 'मार्चिंग क्यूब्ज' पद्धत चित्रातील मूल्यांवरून थेट त्रिकोणी पृष्ठभाग काढते. तिला घन घटकांची गरज नसते.

संगणक प्रणालींमधील सोयी

* अ‍ॅबॅकस : घटकांच्या फलकांना एस१ ते एस६ अशी नावे असतात. पृष्ठभागाच्या व्याख्येत फलकाचे नाव न देता घन घटकांचा संच दिल्यास त्याचे मुक्त फलक आपोआप निवडले जातात.
* अ‍ॅन्सिस : ई-सर्फ या आज्ञेने घन घटकांच्या मुक्त फलकांवर पृष्ठघटकांचा थर तयार होतो. संरचनात्मक भारांसाठी सर्फ१५४ हा घटक वापरला जातो.
* नास्ट्रान : पीलोड४ या नोंदीत दाबाचा फलक घटकाच्या दोन नोडांनी ओळखला जातो. षट्फलकासाठी फलकाचे समोरासमोरचे दोन कोपरे देतात. चतुष्फलकासाठी फलकावरचा एक आणि फलकावर नसलेला एक नोड देतात.
* पॅराव्ह्यू : व्हीटीके या मुक्तस्रोत ग्रंथालयावर आधारित या प्रणालीत घन जाळीचा पृष्ठभाग वेगळा काढण्यासाठी गाळणी उपलब्ध आहे.

उलट प्रक्रिया

पृष्ठजाळीपासून घन जाळी तयार करणे हा याच्या उलट आणि अधिक अवघड प्रश्न आहे. जीमेश या मुक्तस्रोत प्रणालीत प्रथम कडा, नंतर पृष्ठभाग आणि शेवटी घन भाग यांची जाळी केली जाते. बंदिस्त त्रिकोणी पृष्ठजाळी दिल्यास तिच्या आतील जागा डेलॉने विभागणीने किंवा सीमेपासून आत सरकत जाणाऱ्या पद्धतीने चतुष्फलकांनी भरता येते. त्यासाठी पृष्ठजाळी भोकरहित आणि स्वतःला न छेदणारी असावी लागते.

घन जाळीतून काढलेली पृष्ठजाळी पुन्हा घन जाळी करण्यास वापरली, तर पृष्ठभागावरील नोड तेच ठेवता येतात. आतील घटकांची रचना मात्र पूर्वीसारखीच येईल असे नाही. पृष्ठजाळीत केवळ सीमेची माहिती असते. आतल्या घटकांची कोणतीही नोंद तिच्यात उरत नाही.

हे सुद्धा पहा

* फायनाइट एलिमेंट पद्धत
* संगणक-साहाय्यित अभियांत्रिकी
* बहुफलक
* ऑयलरचे सूत्र
* अपसरण प्रमेय